घोडा दुसऱ्याचा

नागपुरात घोडे कमी झाले. घोड्यातलं कळणारे मात्र होते तेवढेच राहिले. पूर्वी रेल्वे स्टेशनातून बाहेर पाऊल टाकलं की टांगेवाले सामानासकट माणूस उचलायचे. मग सायकलरिक्षा आल्या, त्यांना ऑटोंनी हटवलं, आता ऑटोंच्या पोटावर ई-रिक्षा उठल्यात आणि या सगळ्यांच्या डोक्यावरून मेट्रो जाते. या धबडग्यात टांग्याचा घोडा कधी दिसेनासा झाला, कुणाच्या ध्यानातही आलं नाही. आता शहरात घोडा भेटायचा तर तो फुटाळ्याच्या काठावर पोरांना पाठीवर घेऊन चकरा मारताना, नाहीतर लग्नसराईत नवरदेवाच्या खाली. एवढ्या तोकड्या घोडदळावर इतक्या तज्ज्ञांचं भागायचं कसं? म्हणून एखादी घोडी महालातल्या गल्लीतून जराशी लंगडत निघाली की पाच मिनिटांत तिच्याभोवती गर्दी जमते. गर्दीतले बाकीचे बघे असतात. जो घोडीकडे न बघता नुसती मान हलवतो, तो काकाजी.

काकाजी शहरात एकच नाहीत. सक्करदऱ्याला एक आहेत, इतवारीत एक आहेत, ताजबागेकडे एक आहेत, आणि हे सगळे एकमेकांना अडाणी समजतात. मी सांगतोय ते महालातले. पण खुणा सगळ्यांच्या सारख्याच. पहिली खूण ही की काकाजींकडे घोडा नसतो. कधीच नव्हता. घोड्यावर ते एकदाच बसलेले असतात, स्वतःच्या लग्नात, तेही दोन्ही बाजूंनी दोन साल्यांनी धरलेले. मराठ्यांच्या फौजेत स्वारांचे दोन प्रकार असत. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी पागेतला. काकाजी पक्के बारगीर. घोडा दुसऱ्याचा, मिजास आपली.

वय पंच्याहत्तरीच्या आसपास. एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात उभी हयात काढून निवृत्त झालेले. उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा, आणि सदऱ्याच्या खिशात तीन वस्तू बारमाही: लू लागू नये म्हणून कांदा, तंबाखूसाठी चुन्याची डबी, आणि सुतळीचा एक गुंडा. पहिल्या दोन वस्तू अर्ध्या नागपूरच्या खिशात सापडतील. सुतळी फक्त काकाजींची. तिच्याबद्दल पुढे.

घराण्याबद्दल विचारू नये. विचारलं नाही तरी ते सांगतातच, पण विचारलं तर बसून सांगतात. रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगालवर चालून जाऊ लागल्या, त्या मोहिमांत काकाजींचे कोणी पूर्वज घोड्यांचे पाय शेकायला होते. १७५१ साली तह झाला, बंगालची चौथाई सालीना बारा लाख ठरली आणि ओडिशा नागपूरकरांकडे आला, एवढं पुस्तकात असतं. पुस्तकात नसतं ते काकाजी पुरवतात.

"बंगालात कायचं युद्ध अन् कायचं काय! चिखल होता, चिखल. चिखलात उभं राहून राहून घोड्याचा पाय फुगते. आमचा मानूस तिथं नसता ना, तर सारी फौज कटकाहून पायी आली असती."

घराणं याच्याही मागे जातं. पांडव अज्ञातवासात विराटाकडे राहिले तेव्हा नकुल ग्रंथिक या नावाने त्याच्या पागेत नोकरीला होता. काकाजी नकुलाबद्दल बोलतात ते आपल्याच कचेरीतून दुसऱ्या विभागात बदली होऊन गेलेल्या माणसासारखं. संस्कृतात अश्ववैद्यकाची परंपरा मोठी आहे. शालिहोत्राचं नाव त्यात आद्य, एक ग्रंथ नकुलाच्या नावावर, एक जयदत्ताचा. यातलं काही वाचलंय का, असं मी एकदा विचारून पाहिलं. "घरचंच आहे, वाचाचं काय त्यात?" म्हणाले.

आता विद्येकडे वळू. घोड्याच्या पायाबद्दल काकाजींचा सिद्धांत एका वाक्याचा आहे: "गुडघ्याखाली घोडा म्हंजे हाड, दोरी आन कातडं." गंमत म्हणजे हे अगदी खरं आहे. घोड्याच्या पायात गुडघ्याखाली मांसाचा स्नायू जवळपास नाहीच. हाडं, कंडरा, सांध्याचे बंध आणि वरून कातडी. तीन-चारशे किलोंचं जनावर या चार काटक्यांवर उभं असतं, झोपतंही बरेचदा उभ्यानेच. पायात उतरलेलं रक्त परत वर चढायला मोठी मदत खुराची: टाप जमिनीवर पडली की खुराच्या तळाशी असलेली रबरासारखी गादी दाबली जाते आणि रक्त वर ढकललं जातं. घोडा चालला तर हा पंप चालतो. घोडा उभाच राहिला, की पाणी पायात साठतं. म्हणून मार लागलेला पाय तर सुजतोच, पण काहीही न लागता नुसता बांधून ठेवलेला घोडाही चारही पायांनी सुजू शकतो. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत नवरदेव नसतात, घोड्या ठाणावर उभ्या असतात आणि मालक मात्र सवयीने हरभऱ्याची चंदी पूर्ण घालतो. मग पाय भरून येतात. काकाजी याला 'चातुर्मासी' म्हणतात आणि औषध सांगतात: चंदी अर्धी, चाल दुप्पट. हा सल्ला कुठल्याही पदवीधराने मान डोलवावी असा आहे. दुर्दैव एवढंच की काकाजी एका वाक्यावर कधी थांबत नाहीत.

मार लागून आलेल्या सुजेवर त्यांच्याकडे तीन पायऱ्यांची व्यवस्था आहे: गार, गरम आणि जालीम.

गार म्हणजे पाणी. जुने मोतद्दार मार लागलेला घोडा वाहत्या पाण्यात गुडघाभर उभा करत. काकाजींच्या लहानपणी म्हणे नागनदीत करत. आज नागनदीत घोडा उभा केला तर पाय उतरेल आणि उरलेला घोडा आजारी पडेल. फुटाळ्यात उभा करावा तर तिथे रंगीत कारंजी. राहता राहिला नळ. पण दुखणी येतात लग्नसराईत, लग्नसराई येते मे महिन्यात, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी थेट दुसऱ्या पायरीचं असतं. अशा वेळी काकाजी रस्त्यात उभं राहून बर्फगोळेवाल्याची गाडी अडवतात. लादी फोडून पोत्यात भरायची, पोतं पायाला गुंडाळायचं, विसाव्या मिनिटाला काढायचं. बर्फाचे पैसे मालक देतो. गोळा काकाजी खातात. काला खट्टा.

गरम पायरी तिसऱ्या दिवसापासून. तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी. तेल लावून निखाऱ्यावर धरलेलं एरंडाचं पान. निर्गुडीचा पाला उकळून त्याचा शेक. जवस रांधून कापडात बांधलेलं पोटीस; जवसाचा चिकट लगदा उष्णता बराच वेळ धरून ठेवतो, आणि विदर्भात जवसाला तोटा नाही. मोहाच्या फुलांचा शेक. मोहाच्या फुलांची पुढची अवस्थाही चोळायला चालते, असं काकाजी खासगीत सांगतात. पण तिथे अनुभव असा की अर्धी बाटली पायाला लागते आणि अर्धी चोळणाऱ्याला, आणि दुसऱ्या दिवशी घोडा नीट चालतो, मोतद्दार लंगडतो.

जालीम म्हणजे बिब्बा आणि डाग. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजून फोड उठवायचा, नाहीतर लाल सळईने पायावर रेघा ओढायच्या. नवी जखम केली की रक्त तिकडे धावतं आणि जाता जाता जुनं दुखणंही नेतं, असा त्यामागचा हिशोब. हा अडाणीपणा आपलाच होता असं कुणी समजू नये. विलायतेत शर्यतीच्या घोड्यांच्या कंडरा अशाच सळईने डागत, तेही शिकलेल्या डॉक्टरांच्या हातून आणि शतकानुशतकं. डागलेल्या घोड्याला जखम भरेपर्यंत महिनोन्महिने कुणी जुंपत नसे. तेवढ्या सुटीत कंडरा आपली आपण सांधायची, आणि नाव सळईचं व्हायचं.

हे शेवटचं वाक्य लक्षात असू द्या. काकाजींना ते फार आधी कळलं होतं, पण त्याकडे यायला अजून वेळ आहे. अजून चांदणी यायची आहे.

चांदणी ही पांढरीशुभ्र घोडी. मालकाला सगळे भाऊ म्हणतात. मे महिन्यातली वरात, बडकस चौक, मागे डीजे, दोन्ही बाजूंनी डोक्यावर दिवे घेतलेल्या बाया, आणि नवरदेवाच्या मामाने उत्साहाच्या भरात घोडीच्या पुढ्यातच फटाक्यांची लड लावली. चांदणी बिचकली, मागे सरली, गुळगुळीत सिमेंटवर नाल घसरली आणि पुढचा डावा पाय दुभाजकावर आपटला. नवरदेव वाचला. मुंडावळ्या मात्र घोडीच्या कानात अडकल्या. सकाळपर्यंत पाय गुडघ्यापासून खाली एकसारखा जाड झालेला.

काकाजी आले ते आधी घोडीकडे गेलेच नाहीत. चौकात जाऊन त्यांनी रस्ता पाहिला. चपलेने घासून पाहिला. परत येऊन निदान जाहीर केलं: "सिमेंट."

नागपूरच्या सिमेंट रस्त्यांचं देशभर कौतुक होतं. काकाजींचं त्यावर स्वतंत्र मत आहे. मातीत टाप पडली की अर्धा धक्का माती पिते, डांबर थोडा पिते, सिमेंट काहीच पीत नाही; सगळा धक्का पायात परत. "गडकरी साहेबाले म्हना, गाडीसाठी रस्ता बेस केला, एक पट्टा घोडीसाठी मातीचा ठेवा." हे निवेदन ते लवकरच लेखी देणार आहेत. आवक-जावक विभागात आयुष्य गेल्यामुळे लेखी निवेदनाचं पुढे काय होतं हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून देत नाहीत.

मग तपासणी. हे बघण्यासारखं असतं. एरवी अखंड चालणारं तोंड बंद होतं. काकाजी घोडीच्या खांद्याशी उभे राहतात, मागे नाही, समोर नाही. एक हात तिच्या मानेवर, दुसरा खांद्यावरून हळूहळू खाली. आधी चांगला पाय चाचपतात, मग दुखरा, तळहात उलटा करून, कारण मागच्या बाजूला उष्णता जास्त कळते. मग अंगठा सुजेवर दाबून धरतात आणि मनात दहा मोजतात. अंगठा काढला की कातडीत खळगा उरतो. तो किती वेळाने भरतो ते पाहतात. शेवटी खिशातून सुतळी निघते. पायाभोवती ती ना सैल ना घट्ट गुंडाळायची आणि जिथे टोक भेटेल तिथे गाठ मारायची. उद्या तीच सुतळी, तीच जागा, नवी गाठ. गाठ मागे आली तर सूज उतरतेय. ना इंच, ना सेंटिमीटर. प्रत्येक घोड्याची सुतळी वेगळी, आणि जुन्या सुतळ्या घरी खुंटीला टांगलेल्या. काकू म्हणतात, यांच्या कचेरीतल्या फायली हरवल्या असतील, पण सुतळी एकही हरवलेली नाही.

नंतर लेप. त्यासाठीची आंबेहळद इतवारीतल्या किराणा ओळीतूनच येते, दुसरीकडची चालत नाही. सहाणेवर पाणी शिंपडत ती उगाळायची. गेरूचा एक खडा, तुरटीची चिमूट. लोखंडी पळीत सगळं कोमट करायचं. आणि शेवटी खिशातली डबी उघडून बोटाच्या पेरावर चुना. चुना पडला की पिवळा लेप डोळ्यांदेखत लाल होतो. हळदीच्या रंगाचा हा धर्मच आहे, खाराला भेटला की पालटतो. कुंकूही याच खोडीतून जन्मलं. पण काकाजी त्या क्षणी पोरांकडे असे बघतात की चमत्कार घराण्यातलाच वाटावा.

लाल लेप केसांच्या दिशेने लावायचा, उलटा नाही. त्यावर कापूस, कापसावर नऊवारी लुगड्याची पट्टी. पट्टी सगळीकडे सारख्या ताणाने, आणि एक बोट आत सहज गेलं पाहिजे. घट्ट आवळली तर सूज राहील बाजूला आणि कंडराच कापेल. काकूंची जुनी लुगडी अशीच एकेक करून महालातल्या घोड्यांना नेसवली गेली. त्या आता फक्त पाचवारी वापरतात. पाचवारीचा काठ पायाला टोचतो, असं काकाजींचं म्हणणं आहे, आणि त्यांना ते कसं कळलं हे काकूंनी अजून विचारलेलं नाही.

भाऊंच्या मुलाने मात्र परस्पर डॉक्टर बोलावली. नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ पासून आहे, आणि पशुवैद्यकाचं राज्यभराचं विद्यापीठही याच शहरात आहे, पण महालातल्या घोड्या तिथे शेवटचा उपाय म्हणून जातात. डॉक्टर तिशीतली, स्कूटीवर आली. काकाजींनी तिला पायापासून दुपट्ट्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "कुत्र्यायची का?"

"सगळ्यांची, काकाजी," ती म्हणाली आणि खाली बसली.

पुढे जे झालं त्याला खंडनमंडन म्हणता येणार नाही, कारण खंडन करायला काकाजी सापडलेच नाहीत. डॉक्टर म्हणाली, पहिले दोन दिवस गारच हवं, शेक अजिबात नको, आतला रक्तस्राव वाढतो. काकाजी म्हणाले, "हेच तर म्हनून राहिलो मी." डॉक्टर म्हणाली, दुसऱ्या पायालाही पट्टी बांधा, सगळं वजन त्याच्यावर येतंय, एका पायाला वाचवता वाचवता घोडा दुसऱ्या पायाच्या खुराने जायबंदी होतो. "आमच्या पंजोबाचं वाक्य आहे हे," काकाजी. डॉक्टर म्हणाली, नुसतं उभं राहून पाय भरतात, विलायतेत गाडीच्या घोड्यांना रविवारी सुटी आणि पोटभर खाणं मिळालं की सोमवारी सकाळी पाय सुजलेले असत. "चातुर्मासी!" काकाजी भाऊंकडे वळून म्हणाले, "पाह्य, गोऱ्यायनं आमचं उचललं, नाव बदललं." दर वाक्याला डॉक्टरची विद्या काकाजींच्या वंशावळीत जमा होत होती. अर्ध्या तासात तिच्याकडे स्वतःचं म्हणावं असं फक्त स्कूटी उरली.

एकदाच ती चढ्या आवाजात बोलली. नालेच्या वर कातडीला एक खरचटा होता, नखाएवढा, आणि भाऊंच्या मोतद्दाराने त्यावर शेण थापलं होतं. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो आणि त्याचे जंतू माती-शेणातच राहतात. तिने जखम धुतली, धनुर्वाताची सुई टोचली, दुखणं कमी करणारं दुसरं औषध दिलं आणि बजावलं, "उघड्या जखमेवर काही लावायचं नाही. लेप लावायचा तर जखम सोडून. चुना हरभऱ्याएवढाच. आणि काकाजी, यात बिब्बा घालू नका."

ती औषधाबद्दल बोलत होती. बघ्यांना मात्र ते स्वभावाबद्दल वाटलं आणि गल्ली हसली. काकाजीही हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "बेटा, आराम किती?"

"तीन आठवडे तरी. आधी उभी ठेवा, मग हातात धरून हळूहळू चालवा. वरात बंद."

भाऊंचा चेहरा पडला. मे महिन्याच्या तीन आठवड्यांत वर्षाची कमाई असते, आणि ॲडव्हान्स घेऊन झालेला. डॉक्टर गेली तशी ते म्हणाले, "पाच दिवसानं नेतो. सुई टोचली ना, दुखनार नाई." हे खरं संकट. औषधाने दुखायचं थांबतं, पाय बरा झालेला नसतो. जनावराला दुखत नाही म्हणून ते टाप आपटतं आणि सांधत आलेली कंडरा पुन्हा तुटते. डॉक्टरने हेही सांगितलं होतं. भाऊंना त्यातला पहिला अर्धाच ऐकू आला होता.

त्याच रात्री पानठेल्यावर मी काकाजींना विचारलं, डॉक्टरच्या औषधाने सूज उतरणारच, मग तुमचा लेप नक्की काय करतो? काकाजींनी आधी आजूबाजूला पाहिलं.

"पांढरी घोडी लाल करते."

"म्हणजे?"

"नवरदेवाले लागते पांढरी घोडी. पाय लाल, मळकट, वरून लुगड्याची पट्टी. अशी घोडी कोन दारात उभी करते? मालकाले 'आराम दे' म्हनलं तर तो माहा बाप काढते. लेप लावला तर चहा पाजते. पंधरा दिवस तो रंग जात नाई. पंधरा दिवस घोडी ठानावर. सूज काय, तिले वेळ भेटला की ते आपलीच उतरते."

हे त्यांनी पान लावणाऱ्याकडे बघत, तंबाखू मळता मळता सांगितलं. पिढ्यान् पिढ्यांच्या विद्येचं सार एवढंच होतं: घोडा कुरूप करायचा. गेरू, तुरटी, आंबेहळद ही सगळी मालकाची समजूत घालायची सामग्री. मग मला ते सळईवाले विलायती डॉक्टर आठवले. तेही याच जातीचे, फक्त हात क्रूर.

डॉक्टरलाही हे उमगलं असावं. दुसऱ्या खेपेला तिने सुतळी मागून घेतली, गाठी पाहिल्या, तारखा विचारल्या आणि स्वतःच्या वहीत उतरवून घेतल्या. जाताना भाऊंना म्हणाली, "माझी औषधं संपली तरी चालेल. काकाजींचा लेप मात्र थांबवू नका." त्या दिवशी काकाजी घरी गेले ते चालत गेले असं म्हणवत नाही. दुडक्या चालीने गेले.

इथे ही कथा संपायला हवी होती. पण भाऊंनी एका लग्नाचा ॲडव्हान्स परत केला नव्हता. मुलाकडची मंडळी घोडी बघायला येणार होती. काकाजींनी आदल्या रात्री खबरदारी घेतली: उरलेल्या तिन्ही पायांनाही लेप. "त्यायच्यावर ओझं पडून राहिलं ना," हे भाऊंना दिलेलं कारण खोटंही नव्हतं. सकाळी पट्ट्या सोडल्या. चारही पाय गुडघ्यापर्यंत लालभडक. आता कुठला नवरदेव हिला हात लावतो, म्हणून काकाजी ओट्यावर निवांत बसले.

मंडळी आली. नवरदेवाची बहीण चांदणीकडे बघून किंचाळली, "अय्या, घोडीला मेंदी!"

पाठोपाठ मोबाइल निघाले. चारही पायांचे फोटो झाले. नवरदेवाची आई म्हणाली, असंच पाहिजे, दुसरी कुठलीच घोडी चालणार नाही. भाऊंनी क्षणाचाही विलंब न लावता मेंदीचे पैसे वेगळे पडतील म्हणून सांगितलं. काकाजी ओट्यावरून उठले तेव्हा त्यांचा चेहरा बंगालच्या चिखलात फौज अडकल्यासारखा झाला होता.

पण बारगीर झाला तरी तो लढवय्या. त्यांनी भाऊंना कोपऱ्यात घेतलं. "त्यायले काय पाह्यजे? लाल पाय. घोडी कोनती, हे कोठी म्हनलं त्यायनं?" सक्करदऱ्याहून भाऊंच्या साडूची घोडी आली. धडधाकट, चारही पायांनी ठणठणीत. काकाजींनी आयुष्यात प्रथमच निरोगी जनावराला लेप लावला, तोही गेरू-तुरटी वगळून. नुसती हळद आणि चुना. वरात गाजली. चांदणी ठाणावर उभी राहून चंदी खात राहिली. भाऊंना पैसे मिळाले, साडूला मिळाले, चांदणीची सुतळी अर्धी गाठ मागे आली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत सगळं शहर रोगराई घेऊन जायला ओरडत होतं, तेव्हा काकाजी एकटेच "घोडीची सूज घेऊन जा गे मारबत" म्हणाले. पण ते सवयीने. चांदणी तोवर बरी झाली होती.

घोटाळा सुरू झाला तुळशीच्या लग्नानंतर. ते फोटो फिरले होते. आमच्या भागातल्या एकाही वरातीला आता साध्या पायांची घोडी चालेना. मालक मंडळी आपली आपणच हळद-चुना कालवू लागली. प्रत्येक घोडी लाल पायांची. त्यात सजलेली कोणती आणि सुजलेली कोणती, ओळखायचं कसं? चुकून काकाजींनी एखादीला खरा लेप लावला तर मालक तिला त्याच संध्याकाळी वरातीला नेऊ लागला. लेप लावून आयतीच मिळाली म्हणून आभारही मानू लागला. घराण्याची विद्या अशी भर चौकात लुटली गेली. काकाजी डीजेच्या भिंतीपुढे, नाचणाऱ्या वऱ्हाडातून वाट काढत, हातात सुतळी घेऊन घोड्यांच्या पायांशी वाकताना दिसू लागले. लोकांना वाटलं, काकाजी नाचतात. दोघा-तिघांनी त्यांच्यावरून नोटा ओवाळल्या.

मग आठवडाभर काकाजी दिसले नाहीत. कळलं, की सहाण धुऊन काढली आहे आणि घरात नव्या लेपाचे प्रयोग चाललेत. काकू माहेरी गेल्यात. मी भेटायला गेलो तर जिन्यातच नाकाला रुमाल लावावा लागला. पळीत काहीतरी काळं रटरटत होतं. काकाजींनी घटक सांगितले: हिंग, ठेचलेला लसूण, कडुनिंबाचं तेल, आणि काळ्या मिठाचं पाणी. डॉक्टरला विचारून घेतलंय, जखम सोडून वरवर पुसलं तर घोडीला त्रास नाही, असंही सांगितलं.

"हिंगाचा गुण काय?" मी विचारलं.

"वास."

"आणि लसणाचा?"

"वास."

"कडुनिंबाच्या तेलाचा?"

काकाजींनी पळी खाली ठेवली आणि आवक-जावक विभागातल्या शांतपणे माझ्याकडे पाहिलं. "आता लावा म्हनावं याची मेंदी," ते म्हणाले.